हेझल ट्रँटरची बंद पडलेली ग्रीव्ज

हेझल ट्रँटरनं शनिवारी सकाळी माझं दार वाजवलं तेव्हा ती चर्चला जायचा कोट घालून उभी होती. तो शनिवार असल्यामुळे मी जरा घाबरलोच. कोण गेलं, असं विचारणार तेवढ्यात ती म्हणाली, "ट्रेव्हर, तुझी व्हॅन मोकळी आहे का? लडलो गावात लिलावाला जायचंय. एक मोटरसायकल आणायचीय."

"कुणाची?"

"माझी. डेसला सांगू नकोस."

डेस म्हणजे तिचा नवरा. आम्ही तिघं एकाच गल्लीत म्हातारे झालो. हेझल आणि मी तर शाळेपासूनचे. तिचे वडील आल्फ प्रीस शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. मुलगा नव्हता, म्हणून असेल किंवा त्यांना आवडलं म्हणून असेल, त्यांनी हेझलला ग्रीव्ज घेऊन दिली. चढउतारांच्या, चिखलाच्या शर्यतीसाठी बनवलेली अडीचशे सीसीची गाडी. मोटोक्रॉसला तेव्हा आम्ही स्क्रॅम्बल म्हणायचो. हेझल बुटकी, तिचे पाय जमिनीला टेकेनात. मग आल्फनी सांगाड्याला दोन लोखंडी पट्ट्या जोडून सीट खाली घेतली.

मुख्य शर्यत पुरुषांची. बायकांना मधल्या चहाच्या सुट्टीत तीन फेऱ्या मारू द्यायचे, लोक सँडविच खात बघायचे. पण सरावात सगळे एकत्र असत. आणि सरावात रोलंड बेडोज नावाचा आमच्या भागातला हिरो तिला एकदाही मागे टाकू शकला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, मी तिथे कुंपणावर बसलेलो असायचो.

पुढे तिचं डेसशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या वेळी ती दवाखान्यात होती, तेव्हा डेसनं ग्रीव्ज रोलंडला विकली आणि त्या पैशांत गॅसची शेगडी घेतली. हेझल बाळाला घेऊन घरी आली तर शेड रिकामी. दुसऱ्या वर्षी त्याच गाडीवर रोलंड जिल्ह्याचा विजेता झाला. हेझल शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बटाटे सोलत राहिली. आणि आता रोलंड वारला होता, म्हणून त्याच्या सामानाचा लिलाव.

लिलाव गुरांच्या बाजारातल्या शेडमध्ये होता. ग्रीव्ज एका सतरंजीवर ठेवली होती. टायर बसलेले, टाकीवर गंज, किक जागची हलत नव्हती. बाजूला पाटी: 'विजेते रोलंड बेडोज यांची गाडी. चालू स्थितीत नाही. सीट खाली घेण्याचा बदल स्वतः बेडोज यांनी केलेला.'

हेझलनं पाटी वाचली आणि लिलाववाल्यांच्या तरुण माणसाला बोलावलं. "हे चूक आहे. या पट्ट्या माझ्या वडिलांनी लावल्यात. माझ्यासाठी. बेडोज सहा फूट उंच होता, तो कशाला सीट खाली घेईल?"

तो पोरगा सभ्य होता. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमचं बरोबर असेलही, मॅडम. पण बोली बेडोजच्या नावावर लागते. ते नाव काढलं तर ही नुसती बंद गाडी उरते."

"मग बरंच की," हेझल म्हणाली. "मला स्वस्तात मिळेल."

तो हसला. पाटी तशीच राहिली.

आणि त्या पाटीमुळेच गाडी महाग गेली. फोनवरून जुन्या गाड्या जमवणारा कुणीतरी हौशी माणूस बोली लावत होता. हेझल दर वेळी बोलीचा नंबर धरलेला हात वर करी आणि खाली घेतच नसे. शेवटी मी तिची बाही ओढली. "अगं, पुरे. एवढ्या पैशांत नवीन येईल."

"नवीन कुणाला हवीय?"

हातोडा तिच्या बोलीवर पडला. आईकडून आलेले सगळे पैसे त्यात गेले. बँकेत वेगळे ठेवलेले, डेसनं कधी हात न लावलेले.

आम्ही गाडी व्हॅनकडे ढकलत होतो तेव्हा रोलंडची बायको थेल्मा आली. रडून डोळे सुजलेले. तिनं हेझलचे दोन्ही हात धरले. "चांगल्या माणसाकडे गेली, बरं वाटलं. रोलंडचे चाहते अजून आहेत म्हणायचे."

"थेल्मा, मी चालवायचे ही. त्याच्या आधी."

"हो गं," थेल्मा मायेनं म्हणाली. "तो सगळ्यांनाच बसू द्यायचा."

हेझलनं हळूच हात सोडवले आणि पुन्हा हँडल धरलं. समोर नवऱ्याला नुकतंच पुरून आलेली बाई. तिला काय बोलणार?

डेस दारातच उभा होता. त्यानं व्हॅनमधली गाडी पाहिली आणि ओळखली, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"डोकं फिरलंय का तुझं? या वयात?"

"माझे पैसे होते."

"ते कोण विचारतंय? करणार काय हिचं?"

"तू काय केलं होतंस तेच. मनाला येईल ते."

"अगं, शेगडी घेतली मी! घरात लेकरू येणार होतं. वीस वर्षं रांधलंस त्या शेगडीवर. आणि तू तेव्हा चकार शब्द काढला नाहीस."

"तू विचारलं कधी?"

मी व्हॅनमध्ये गाडीला बांधलेली दोरी सोडवत बसलो. मला निघता येईना. डेस वाईट माणूस नाही. सुतार होता, अख्ख्या गल्लीचे जिने त्यानं बसवलेत, पैसे न घेता. पण त्या दिवशी तो घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. गाडी आम्ही दोघांनीच शेडमध्ये नेली.

हिवाळाभर ती शेडमध्ये होती. पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून गच्च बसलेला. तिनं डिझेल ओतून भिजत ठेवलं, रोज जाऊन लाकडी ठोकळा लावून हातोडीनं ठोकायची. सांधेदुखीनं बोटं वाकडी झालेली. नट सुटला नाही की मला हाक. मी ताकद लावायचो आणि ती शिव्या द्यायची, कधी मला, कधी नटाला. डेस चहाचे दोन कप आणून शेडच्या उंबऱ्यावर ठेवी आणि परत जाई. आत कधी आला नाही. तिनं बोलावलंही नाही.

मार्चमध्ये पिस्टन सुटला. एप्रिलमध्ये प्लगला ठिणगी आली. किक मात्र तिच्या कमरेला झेपेना, ती मी मारली. तिसऱ्या किकला गाडी धडधडत उठली आणि शर्यतीच्या गाड्यांत घालायच्या एरंडेलाच्या जळक्या वासानं अख्खी गल्ली भरली. हेझल हसली नाही. कान लावून ऐकत होती. "मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय," म्हणाली आणि कार्ब्युरेटर पुन्हा खोलला.

मे महिन्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता, पूर्वी स्क्रॅम्बल व्हायच्या त्याच टेकडीवर. क्लबच्या सेक्रेटरीचा फोन आला: बेडोजची ग्रीव्ज चालू झाली असं ऐकलं, आणाल का? बेडोजचा नातू फेरी मारेल.

"फेरी मी मारेन," हेझल म्हणाली. "नाहीतर गाडी येणार नाही."

डेस त्या दिवशी आपणहून व्हॅनमध्ये येऊन बसला. हेझल त्याला जागा करून मध्ये सरकली.

मी किक मारली. ती चढून बसली. त्या खाली घेतलेल्या सीटवर तिचे पाय बरोबर टेकले. टेकडीच्या पायथ्याची सपाट फेरी तेवढी तिला दिली होती. ती सावकाश निघाली. आणि लाउडस्पीकर सुरू झाला: "ही पाहा, मंडळी, आपल्या रोलंड बेडोजची ग्रीव्ज! काय माणूस होता! गाडी आणलीय मिसेस डेस ट्रँटर यांनी, त्यांचेही आभार..." मग फेरी संपेपर्यंत रोलंडच. त्याच्या उड्या, त्याचा चषक, त्याचे विनोद. लोक टोप्या काढून टाळ्या वाजवत होते. थेल्मा खुर्चीत बसून रुमालानं डोळे टिपत होती.

मध्ये एका वळणावर, जिथे जमीन जराशी उतरते, हेझल अचानक पायदानांवर उभी राहिली आणि तिनं ॲक्सिलरेटर पिळला. मागचं चाक घसरलं, सावरलं. असेल तीन-चार सेकंद. मी ओरडलो. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे लाउडस्पीकरवरच्या विनोदाला हसत होते.

परत येताना आम्ही तिघं व्हॅनच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो होतो, हेझल मध्ये. डेस म्हणाला, "कुणीतरी सांगायला हवं होतं त्या लाउडस्पीकरवाल्याला. गाडी मुळात कुणाची ते."

"तू त्याच्या शेजारीच उभा होतास, डेस," ती म्हणाली. "माईक तुझ्या हाताशी होता."

मी रेडिओ लावला, आणि लगेच बंद केला.

गाडी आता शेडमध्ये असते. लिलावातल्या त्या फोनवाल्यानं दोनदा विचारणा केली, हेझल त्याला नाही म्हणाली. मेळाव्याला तिनं पुन्हा नेली नाही. रविवारी दुपारी मी जाऊन किक मारतो, मग ती स्टुलावर बसून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवते. धूर अंगणातून स्वयंपाकघरात जातो. डेस उठतो आणि खिडकी लावून घेतो.