खाडीचे तास

हिराजी तांडेल माझ्या खोलीत कधीच बसले नाहीत. वीस वर्षं रोज सकाळी दहाला ते दारातच उभे राहिले. पोटऱ्यांवर खाडीचा चिखल वाळलेला असायचा. हात पुढे करून म्हणायचे, "आणा तुमची पोथी." पोथी म्हणजे हजेरीचं रजिस्टर. ते मी टेबलावरून उचलून दारापर्यंत न्यायचं आणि त्यांनी उंबऱ्याबाहेरून सही करायची. एकदा मी म्हणालो, "तांडेल, आत या, खुर्ची आहे." तर म्हणाले, "खुर्ची तुमची, भाऊसाहेब. तुमीच झिजवा."

आमचं कार्यालय पाणीपुरवठ्याचं, काशीदच्या अलीकडे. मी तिथे वरिष्ठ लिपिक, ते मुख्य फिटर. मूळचे थळचे कोळी. गावांना पाणी नेणारी आमची जलवाहिनी एक खाडी ओलांडते. तिथले व्हॉल्व्ह तिवरांच्या चिखलात आहेत आणि भरतीला ते पाण्याखाली जातात. गळती झाली की दुरुस्ती फक्त ओहोटीत करता येते, आणि ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते. हिराजींच्या हाताखाली अठरा माणसं होती. सात कायम, अकरा रोजंदारीवर. ती अकरा त्यांनी स्वतः शिकवून तयार केली होती. तोंडाने शिव्या अखंड चालू असायच्या, पण खड्ड्यात पहिला पाय त्यांचा असे आणि बाहेर यायचा तो सगळ्यांत शेवटी. माणसं त्यांना दादूस म्हणत.

आमचं वैर रजिस्टरावरून. पूर्वी कधीतरी तपासणीत हजेरीच्या वेळांवर आक्षेप निघाला होता. त्यानंतर मी नियम घातला : सही दहाला आणि पावणेसहाला, मध्ये-अध्ये काही लिहायचं नाही. पहाटे चारला खाडीत उतरलेला माणूसही दहाला येऊन सही करायचा आणि पंपघराच्या ओट्यावर घटकाभर पडून दिवसाच्या कामाला लागायचा. रजिस्टरात तो दिवसभर कामावर. पहाटेचा मात्र कुठेच नाही. हिराजी दारातून ओरडायचे, "खाडीला जाऊन सांगा, तुमचं हापिस कवा उघडतं ते!" मी उत्तर द्यायचो, "तांडेल, रजिस्टरात आहे तेच खरं." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन त्याची मोजदाद नाही. एरवी मी घरी गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीखसुद्धा टिपून ठेवतो.

मग वरून आदेश आला. योजना चालवण्याचं काम पाच वर्षांच्या ठेक्याने द्यायचं. मात्र विभागाच्या कर्मचाऱ्यांनाही त्याच अटींवर निविदा भरता येईल. ज्याची निविदा कमी, त्याचं काम. आम्ही हरलो तर कायम माणसांची बदली होणार होती आणि रोजंदारीची अकरा घरी बसणार होती. उपअभियंता मॅडमनी निविदा तयार करायला मला आणि हिराजींना एकत्र बसवलं. ते पंपघराच्या ओट्यावर बसले, मी समोर स्टूल घेऊन.

निविदेत दुरुस्तीचे तास लिहायचे होते आणि खाली प्रमाणपत्र होतं : 'वरील तास प्रत्यक्ष कामाचे आहेत.' सही तयार करणाऱ्याची, म्हणजे माझी. मी रजिस्टर उघडलं आणि माझी लेखणी अडली. त्यात खाडीचा एकही तास नव्हता.

मी गावोगाव फिरून ग्रामपंचायतींच्या तक्रारवह्या पाहिल्या. पाणी कधी गेलं आणि कधी आलं, ते त्यांत होतं. मधले तास हिराजींना विचारले. त्यांना प्रत्येक गळती तिथीसकट पाठ. "ती चौथीला झालेली. नऊला सुकती, आमी साडेसातला उतरलो." मी पंचांग काढून पडताळायचो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे त्यांनीच मला शिकवलं. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊला ओहोटी. बरोबर. आठ दिवस मी त्यांची चूक शोधत होतो. सापडली नाही. "काय भाऊसाहेब, पोथीपेक्षा कोली बरा ना?" असं म्हणून ते तेवढ्यापुरते हसले. वीस वर्षांत आमच्यात गोडीचे म्हणावेत असे ते आठच दिवस.

नवव्या दिवशी बेरीज झाली. खाडीतले तास धरले की रजिस्टरातल्या दर दोन तासांमागे खरे तास तीन निघत होते. हिराजींना आकडेमोड समजावून सांगावी लागली नाही.

"हे घातलं तं आपन हरलो," ते म्हणाले. "रजिस्टरातलं लिवा."

"रजिस्टरातलं खोटं आहे."

"आता? वीस वर्सं मना काय सांगत व्हता? रजिस्टरात हाय तेच खरं!" ते उठून उभे राहिले. "आमी पहाटंचं काम आजवर फुकट केलं, पुढं पन करू. तुमचं काय जातं?"

"तांडेल, एकदा हे तास लिहून दिले की पाच वर्षं तुमच्या माणसांना फुकट राबावं लागेल, आणि तेही लेखी. पहाटे खाडीत कोणी जायबंदी झाला तर कागदावर तो तिथे नव्हताच."

ओट्याच्या टोकाला दिलीप पाना पुसत बसला होता. अकरांपैकी वयाने सगळ्यांत मोठा, घरात खाणारी सहा तोंडं. तो म्हणाला, "भाऊसाहेब, जायबंदी झालो तं मंग बघू. आधी काम तं राहू द्या."

मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सही तुमची आहे, तुम्ही ठरवा." मी खरे तास लिहिले आणि सही केली. हिराजींनी कागद पाहिला. शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. त्याची मला जास्त धास्ती वाटली.

लिफाफे उघडले त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या खोलीच्या आत आले. ठेकेदाराची निविदा कमी होती. त्याने तास कुठून काढले, ते सोबतच्या कागदांत लिहिलं होतं. आमची दप्तरं सगळ्यांना पाहायला खुली होती. त्याने माझंच रजिस्टर पाहून तास मोजले होते.

हिराजी कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "जा, पेढे वाटा. तुमच्या पोथीवर इस्वास ठेवनारा एक तरी मानूस गावला."

अकरा माणसं महिनाअखेरीला गेली. हिराजींची बदली श्रीवर्धनला झाली. त्यांनी निरोप समारंभ घेतला नाही, नारळ परत पाठवला. पुढच्या पावसाळ्यात ठेकेदाराच्या माणसांनी भर दुपारी, भरती चढत असताना खाडीत खड्डा उकरला. चार दिवस गावांना पाणी नव्हतं. मग त्याने दिलीपला आणि आणखी तिघांना बोलावून घेतलं, आधीपेक्षा कमी रोजावर. पहाटेचे तास तिथेही लिहीत नाहीत. हे कळलं तेव्हा मी हिराजींना फोन केला. माझा आवाज ऐकून त्यांनी "रॉंग नंबर" म्हटलं आणि ठेवून दिला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते थळला घरीच वारले. मी गेलो. अंगणात त्यांची सगळी माणसं होती. अकराच्या अकरा आलेली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी तेव्हाही मनात आकडे पुन्हा एकदा तपासून पाहिले. ते बरोबर होते. आजही मी तेच तास लिहीन. पण त्या अकरा जणांपैकी एकालाही हे तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

तिरडी उचलली. मी चपला काढल्या आणि खांदा द्यायला पुढे झालो. पुढच्या बाजूला दिलीप होता. रीतीप्रमाणे तो सरकून मला जागा देईल असं वाटलं. तो सरकला नाही.

"भाऊसाहेब," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी मागून या."

मी मागून गेलो.