आटपाडीच्या मेंढ्या, पुण्याचे सर आणि गायब झालेले जंत

लोक साताऱ्याकडे कासची फुलं बघायला जातात. मी सातारा ओलांडून आटपाडीला जंत शोधायला गेले. हसू नका, माझी पीएचडी त्यांच्यावर अडली होती.

विषय सोपा करून सांगते. नस स्नायूला 'हल' म्हणते ती एका रसायनातून, त्याचं नाव असिटाइलकोलीन. गंमत म्हणजे पोटात जंत झाले की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही हेच रसायन बनवून निरोप धाडू लागतात. उंदरांत हे दिसलंय, मला मेंढीत बघायचं होतं. त्यासाठी जंतांनी बेजार मेंढीचं ताजं रक्त हवं. माझे गाईड, म्हणजे सर, म्हणाले, "मी फोन करून सगळं सेट केलंय." तिथेच मला शंका आली.

पहाटे निघालात तर खंबाटकी घाट सुखाचा. आम्ही सरांची पूजा आटोपल्यावर निघालो, त्यामुळे शिरवळपासूनच ट्रकांच्या मागे. साताऱ्यात मिसळ खा, तर्री जपून घ्या. सरांनी कंदी पेढे घेतले आणि ते ठेवायला माझी बर्फाची पेटी उघडली. "पेढ्यांना काय होतंय गं?" पेढ्यांना नाही हो सर, रक्ताला! कराडला महामार्ग सोडून विट्याकडे वळायचं. रस्ता बरा आहे, पण पुढे सावली औषधालाही नाही. पाणी आणि टोपी घ्याच.

आटपाडीच्या अलीकडे माळावर बिराप्पा धनगरांचा कळप होता. मेंढ्या कशा टकाटक! त्यांनी छाती फुगवून सांगितलं, "आवं ताई, पुण्याची मानसं बघाय येनार म्हनल्यावर समद्यास्नी कालच जंताचं औषध पाजलं. आमची बी काय अब्रू हाय का न्हाई?"

धन्य ते सर, आणि धन्य तो फोन! 'जंत असलेल्या मेंढ्या हव्यात' एवढं सोडून सगळं बोलले होते.

तेवढ्यात पालामागून खोकला ऐकू आला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून एक गाभण मेंढी तिथं लपवलेली होती. औषध सोसेल की नाही, या भीतीनं तिला पाजलंच नव्हतं. पापणी उलटून पाहिली तर पांढरीफटक, जबड्याखाली पाणी साचलेलं. जंतांनी रक्त प्यायल्याची पक्की खूण. मी ओरडले, "वा! काय मस्त!"

बिराप्पांच्या पत्नी हौसाबाई गर्रकन वळल्या. "आमची मेंढी मराय लागलीया, आन तुमाला मस्त दिसतंय व्हय?"

लाज वाटली. तरी रक्त काढलंच.

मग सर म्हणाले, "आता आठ दिवस औषध देऊ नका. हिचाच दुसरा नमुना न्यायचाय." बिराप्पांनी हात जोडले. "सायेब म्हनत्यात तर ऱ्हाऊ द्या." हौसाबाई मेंढीच्या पोटावर हात ठेवून बसल्या. मी आधी जनावरांची डॉक्टर आहे. ही मेंढी आठ दिवस काढणार नाही, हे मला दिसत होतं. सर कानाशी लागले, "दुसरा नमुना नाही, तर तुझं वर्ष गेलं समज."

मी गाभण मेंढीला चालेल असं औषध मोजून पाजलं. सर थेट कराडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अख्ख्या प्रवासातला तो सर्वांत निवांत टप्पा.

रक्तातल्या पेशी पुण्यापर्यंत जिवंत पोचल्या, पेढ्यांच्या शेजारी बसून. पण एका नमुन्यावर प्रबंध होत नाही. सर म्हणाले तसं माझं हातचं वर्ष गेलं. राग येतो, खोटं कशाला बोलू?

परवा लॅबच्या बैठकीत सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा दुसरा नमुना वाया गेला."

वाया गेलेला नमुना त्याच सकाळी व्याला होता. हौसाबाईंनी फोन कोकराच्या तोंडाशी धरून मला त्याचं ओरडणं ऐकवलं होतं.