पडद्याच्या मागच्या बाजूचे करडे

वारज्याच्या आमच्या सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांत दर शनिवारी उघड्यावर सिनेमा दाखवतात, आणि दर शनिवारी कांताबाई करड्यांना कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारतं.

"काकू, एकट्याच? काका नाही आले?"

"आलेत."

"कुठे आहेत?"

"मागे."

विचारणारा मान वळवून मागच्या खुर्च्यांकडे बघतो. तिथे दिगंबर करडे नसतात. कारण कांताबाईंचं 'मागे' म्हणजे खुर्च्यांच्या मागे नव्हे, पडद्याच्या मागे. सगळी सोसायटी पडद्याच्या अलीकडे, आणि हे एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ पलीकडे, पाण्याचा टँकर उभा राहतो त्या ओलसर जागी प्लास्टिकची खुर्ची टाकून, उलटा सिनेमा बघत बसलेले.

नव्या भाडेकरूंचा समज होतो की या दोघांचं बोलणं बंद आहे. सी विंगमधल्या एका बाईंनी तर कांताबाईंच्या हातात हळूच एका समुपदेशकाचा नंबर ठेवला होता. कांताबाईंनी तो फेकून दिला नाही, पर्समध्ये ठेवला. "असू दे," म्हणाल्या, "लागेल कधीतरी."

मुळात कांताबाईंची मागणी फार मोठी नाही. त्यांना बंगला नको, सिंगापूर नको. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एकदा, फक्त एकदा, नवऱ्याच्या शेजारी बसून एक आख्खा सिनेमा बघायचाय. इतर बायका बघतात तसा. तेवढं एक मात्र करड्यांना जमलेलं नाही.

याचं मूळ कसबा पेठेत आहे. दोघंही तिथल्या एकाच गल्लीत वाढले. गणपतीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिथलं मंडळ रस्त्यावर सिनेमा दाखवायचं. गल्लीच्या मधोमध, या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत, पांढरं कापड ताणून बांधायचं की झालं थिएटर. प्रोजेक्टर ज्या बाजूला, तिकडच्यांना सिनेमा सुलटा दिसे, पलीकडच्यांना उलटा. कोणी कुठल्या बाजूला बसायचं हे आवडीवर नव्हतं, बिऱ्हाडावर होतं. कांताबाईंचं माहेर प्रोजेक्टरच्या बाजूला. करड्यांचा उंबरा पलीकडे. त्यामुळे दिगंबररावांनी आयुष्यातले पहिले पन्नासेक सिनेमे मागून पाहिले, आणि सिनेमा असाच असतो अशी त्यांची पक्की समजूत झाली. त्यांचे सगळे नायक डावखुरे.

पुढे नोकरी लागली तीही छापखान्यात, खिळे जुळवायची. तिथे शिशाची अक्षरं उलटीच असतात. म्हणजे या माणसाला सरळ करायची जी एक संधी होती, ती नशिबाने तिथे घालवली. पडद्यामागून नावांची पाटी ते अजूनही घडाघडा वाचून दाखवतात, कोणी विचारलेलं नसताना.

लग्नानंतरचं पहिलं भांडण सिनेमावरूनच झालं. खलनायकाच्या गालावरचा व्रण उजवीकडे की डावीकडे? दोघांनी तो सिनेमा लग्नाआधी त्याच गल्लीत, त्याच रात्री पाहिलेला. दोघांची खात्री. चार दिवस अबोला. भांडण गल्लीत पसरलं आणि माहेरची सगळी बाजू एका गालाला, सासरची सगळी बाजू दुसऱ्या गालाला. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी निवाडा दिला की दोघंही बरोबर आहेत. त्यावर दोघंही मास्तरांवर चिडले.

टॉकीजमध्ये नेऊन बघितलं. टॉकीजमध्ये ते झोपतात. टीव्हीला ते सिनेमा मानतच नाहीत. "पेटीत काय बघायचं, पेटीत कपडे ठेवतात," असं म्हणून उठतात. उरला उघड्यावरचा सिनेमा, आणि तो तर मागूनच.

"सुलटा सिनेमा बघितला की माझं डोकं दुखतं," असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं.

"मग पेपर काय आरशात धरून वाचता का?" कांताबाई म्हणाल्या.

त्यानंतर कारण बदललं. मागे वारा असतो म्हणे. आणि खरं सांगायचं तर पुढच्या बाजूची परिस्थिती बघता माणसाने मागे का जाऊ नये, हा प्रश्नच आहे. आमच्याकडे साडेसातचा सिनेमा साडेआठला सुरू होतो. आधी प्रोजेक्टर सांभाळणाऱ्या चेतनचा लॅपटॉप काहीतरी अपडेट करत बसतो. मग आमचे अध्यक्ष आप्पासाहेब 'दोन शब्द' बोलतात, ज्यात पार्किंग, सुका कचरा आणि कुत्र्यांना बिस्किटं घालणं एवढं सगळं येतं. मग डास येतात. मग डास मारायची रॅकेट घेऊन माणसं येतात, आणि नायिकेच्या आईचा प्राण जात असताना चहूबाजूंनी चटाचट आवाज सुरू होतो. पुढे बसलेल्यांच्या डोक्यांवरून, व्हिडिओ कॉलवरच्या अमेरिकेतल्या मुलीला सिनेमा दाखवणाऱ्या आजोबांच्या हातावरून, जो काय उरेल तो सिनेमा आपला. मागे करडे एकटे, पाय पसरून, सगळा पडदा त्यांचा. त्याचा राग यायचा, तो यायचाच.

तर यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कमिटीने नवा पडदा आणला. घडीचा, लोखंडी चौकटीचा, आणि पाठीला काळं कापड लावलेला. कमिटीवरच्या पूर्वाने, जी हिंजवडीत काहीतरी मोठी आहे आणि सोसायटीतही तशीच वागते, ग्रुपवर पडद्याचा फोटो टाकला. फोटो बघून कांताबाई सोफ्यावरून उठल्याच. पाठ काळी! म्हणजे मागून काही दिसणार नाही! नवऱ्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. शनिवारी पाच वाजताच खाली जाऊन, तिसऱ्या ओळीत, शेजारी शेजारी दोन खुर्च्यांवर दोन नॅपकिन टाकून आल्या. निळी नारायणपेठ नेसल्या. सून म्हणाली, "आई, लग्नाला चाललात का?" तर म्हणाल्या, "तसंच समज."

करडे साडेसातला आपली खुर्ची उचलून नेहमीच्या जागी गेले आणि तीन मिनिटांत परत आले.

"पूर्वा, पडद्याला मागून डांबर फासलंय का?"

"काका, तो ब्लॅक बॅकिंगवाला आहे. मागचा लाइट येत नाही ना, पिक्चर एकदम शार्प दिसतं."

"आणि मागच्या प्रेक्षकांनी काय करायचं?"

"काका, मागे प्रेक्षक म्हणजे... तुम्ही एकटेच असता."

"एकटा असला म्हणजे तो प्रेक्षक नसतो का?"

आप्पासाहेब मध्ये पडले. "करडे, पुढे दीडशे माणसं बसतात. तुमच्या एकट्यासाठी काय दोन पडदे लावायचे?"

"दीडशे माणसं चुकीच्या बाजूला बसली तर तो माझा दोष आहे का?"

यावर आप्पासाहेबांनी आकाशाकडे पाहिलं. तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून कांताबाईंनी हाक मारली. "अहो, या इकडे. जागा धरलीय." आवाज असा की जणू मांडवातून नवरीच बोलावतेय. करडे निमूट गेले आणि बसले. कांताबाईंनी ताठ होऊन दोन्हीकडे पाहिलं, कोणी बघतंय की नाही म्हणून. आम्ही सगळेच बघत होतो. सी विंगमधल्या बाईंनी तर समाधानाने मान डोलावली.

सिनेमा जुना, कृष्णधवल, त्या दोघांनी गल्लीत कितीदा तरी पाहिलेला. त्यात एक गरीब चित्रकार असतो आणि सावकाराची मुलगी असते. बाकीचं आपण ओळखू शकाल. पाटी संपली, चित्रकाराने ब्रश उचलला, आणि करडे मोठ्याने म्हणाले, "अरे! हा उजव्या हाताने काढतोय!"

"उजव्याच हाताने काढतो तो," कांताबाई कुजबुजल्या.

"डावखुरा होता. मी पाहिलाय."

"शूऽऽ" मागून कोणीतरी.

मग नायिका उजवीकडून येते म्हणून तक्रार. टांगा चुकीच्या दिशेला जातो म्हणून तक्रार. "अगं, हे स्टेशनाकडे निघाले होते ना? हे तर परत घरी चालले!" सावकाराने डावा पाय लंगडत आत पाऊल टाकलं तेव्हा करडे अर्धे उठलेच. "साफ चूक! पाय बदललाय!"

"काका, प्लीज," पूर्वा आली. "लोकांना डिस्टर्ब होतंय."

"मला होतंय त्याचं काय? इथे सगळा सिनेमा फिरवून ठेवलाय!"

कांताबाईंनी वीस मिनिटं सहन केलं. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी मनात जे चित्र रंगवलं होतं, त्यात शेजारचा नवरा गप्प होता. फार तर एखादं वरण-भातासारखं साधं वाक्य बोलत होता, "छान आहे, नाही?" असं. चित्रकार नायिकेचं पोर्ट्रेट काढतो, तो त्यांचा सर्वांत आवडता प्रसंग आला. नायिका वळून बघते. कांताबाईंचे डोळे भरून आले. आणि करडे म्हणाले, "तीळ सरकलाय."

"जा!" कांताबाई म्हणाल्या. कुजबुजत नव्हे. "जा तुम्ही मागे! काही दिसो, न दिसो! मला मेलीला हौस होती!"

दीडशे माणसांनी सिनेमा सोडून इकडे पाहिलं. करड्यांनी खुर्ची उचलली, ती दोघातिघांच्या गुडघ्यांना लागली, आणि ते पडद्यामागच्या अंधारात दिसेनासे झाले.

आता पुढे शांतता होती. कांताबाईंना हवं तसं सगळं समोर होतं, टांगा योग्य दिशेने चालला होता. पण त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. शेजारच्या मोकळ्या जागेकडे एकदा, नॅपकिनकडे एकदा. मग सावकाराचा नोकर हंडा घेऊन दारात अडकतो, तो प्रसंग यायचा होता. तो यायच्या क्षणभर आधी पडद्यामागून करड्यांचं हसणं आलं. मग पडद्यावर हंडा अडकला आणि आम्ही हसलो. पुन्हा तसंच झालं. पुढच्या प्रत्येक विनोदाला करडे आमच्या आधी हसत होते, काळ्याकुट्ट कापडाकडे बघत.

मध्यंतरात आप्पासाहेबांनी आणखी दोन शब्द बोलायला माइक घेतला. ती संधी साधून कांताबाई उठल्या. एका हातात खुर्ची, एका हातात भेळेचा द्रोण, आणि नारायणपेठेचा काठ टँकरच्या चिखलातून सांभाळत त्या मागे गेल्या. नंतरचं आम्हाला कसं कळलं? सगळंच ऐकू येत होतं. पडद्याची पाठ काळी होती, जाड नव्हती.

"काय दिसतंय तुम्हाला इथून?"

"सगळं."

"डोंबल दिसतंय. भेळ घ्या."

"तिखट आहे?"

"आहे. सरका जरा." मग खुर्ची टेकल्याचा आवाज. "आता काय, ते पत्र येतं ना?"

"पत्र नंतर. आधी ती जिना उतरते. डावीकडून."

"उजवीकडून."

"अगं, डावीकडून! मी इथे बसून बघतोय ना!"

"मी पण इथेच बसलेय! मला उजवीकडून दिसतेय!"

"ओ, मागचे! हळू!" पुढून कोणीतरी ओरडलं.

"तुम्ही हळू!" मागून दोन आवाज, एकदम.

सिनेमाचा उत्तरार्ध आम्ही असा पाहिला. आप्पासाहेबांचं म्हणणं, नवा पडदा आणून उपयोग काय झाला? पूर्वी मागे एक माणूस होता तो निदान गप्प होता.

पुढच्या शनिवारी कमिटीने मुद्दाम नवाकोरा हिंदी सिनेमा लावला. दोघांनीही न पाहिलेला. आठवून आठवून किती बघणार, येतील झक मारत पुढे, असा पूर्वाचा हिशेब. दोघं साडेसातला आपापल्या खुर्च्या घेऊन आले आणि सरळ मागे गेले. अडीच तास काळ्या कापडासमोर बसून त्यांनी तो सिनेमा नुसता ऐकला. मधूनमधून भांडले. पण बेतानं.

रविवारी सकाळी कांताबाई गेटवर दुधाच्या पिशव्या घेताना दोघीतिघींना सिनेमाची गोष्ट सांगत होत्या. नायकाला मिशी आहे. त्याचा भाऊ जुळा आहे. शेवटी नायक-नायिका होडीतून निघून जातात, आणि तिचा पदर पाण्यात भिजतो. सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की कोणी मध्ये बोलेना.

पूर्वा सकाळचं पळणं आटपून दमलेली, पाण्याची बाटली तोंडाला लावून ऐकत होती. शेवटी तिला राहवेना.

"काकू, होडी? जुळा भाऊ? अहो, असलं काहीच नव्हतं त्या सिनेमात!"

कांताबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि तिच्याकडे कीव करावी तसं पाहिलं.

"तुमच्या बाजूला नसेल," त्या म्हणाल्या.