बंद खिडक्या आणि काळा मसाला

माझा संसार जयपुरात टिकला तो समोरच्या क्वार्टरमधल्या भाभीजींमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण बोलता बोलता मी भलतीकडे वाहवत जाते आणि मुख्य माणूस राहून जातं. भाभीजी म्हणजे गार्डसाहेबांची बायको. पक्क्या वैष्णव, घरात कांदा-लसणाला बंदी. अंगाने भरलेल्या आणि आवाजाने त्याहून भरलेल्या.

आम्ही अमळनेरकडचे. यांची रेल्वेतली नोकरी जयपूरला, म्हणून लग्न झाल्यावर दिवाळीत मीही तिकडे गेले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझी शाळा सातवीत सुटलेली, हिंदी ‘कितने का?’पर्यंतच. कोणी दार वाजवलं तरी मला धडकी भरायची.

होळीनंतर मला दम लागायला लागला. छातीत शिट्टी वाजायची. हे म्हणायचे, “स्टेशनात ऐकतो ते कमी पडतं म्हणून घरीपण इंजीन!” हसायचे, पण तोंड उतरलेलं असायचं. तेव्हाच आंध्याही, म्हणजे तिकडची धुळीची वादळं, सुरू झाली. आभाळ पिवळं व्हायचं आणि ताटात, केसांत, दातांत सगळीकडे वाळू. मग काय, कॉलनीने निकाल दिला: जयपूरची हवा हिला मानवत नाही. तो निकाल अमळनेरला पोचला आणि सासऱ्यांचा निरोप आला, “आखाजी झाली की येतो. सुनेला घेऊन जातो.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

घरी जायला मिळणार म्हणून कोणी खूश झालं असतं. मी नाही झाले. आमची एक नात्यातली वहिनी अशीच ‘थोडे दिवस हवापालटाला’ सासरी परतली होती. नवरा तिकडे सुरतेला, आणि ती अजून गावीच भाकऱ्या थापते आहे. एकदा गेलेली सून परत कधी पाठवायची, ते मग घरचे ठरवतात.

हे ड्युटीवर असताना भाभीजीच मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, दम कशाने उठतो? मी म्हटलं, “हवा से.” डॉक्टर हसले. म्हणाले, हवेत काय असतं ते शोधा. गोळी चालू ठेवा, पण कारण सापडलं तर निम्मं काम होईल.

एवढं ऐकलं आणि भाभीजींच्या अंगात फौजदार शिरला. संशय घेण्याची त्यांना मुळातच आवड. पहिला संशय कबुतरांवर. मी खिडकीत बाजरी टाकायची, पुण्य लागतं म्हणून. भाभीजी म्हणाल्या, “बींदणी, पुण्य गेटवर जाऊन कमव. इथे पंखांचा भुगा तुझ्या उशीवर पडतो.” बींदणी म्हणजे त्यांच्याकडे नवी सून, मला त्यांनी नावाने कधी हाक मारलीच नाही. नंतर कूलर. त्यातल्या वाळ्याच्या जाळ्या जुन्या आणि बुरसटलेल्या होत्या, त्या यांना फेकायला लावल्या. मग उदबत्ती. मग यांची बिडी. “भैया, धूर काढायचा तर शेडमध्ये काढा. तिथे इंजिनं आहेत, त्यांना सवय आहे.” हे बिचारे पायरीवरून गेटवर गेले आणि गेटवरून रस्त्यापलीकडे.

फरक पडला, नाही असं नाही. रात्री झोप लागायला लागली. पण मधूनच एखाद्या दुपारी असा दम उठायचा की भिंत धरून बसावं लागे. आखाजी जवळ आली होती. मी देवाला हात जोडायची, पण उदबत्ती बंद, त्यामुळे तो ऐकतोय की नाही कळेना.

आता माझ्या एका कामाबद्दल सांगते. मला इंग्रजी नाही, हिंदी नाही, पण काळा मसाला यायचा. आमचा खानदेशी, कांदा-खोबरं काळंभोर भाजून केलेला. तिथल्या एका मराठी बाईला दिला आणि बोलबाला झाला. सी-स्कीम भागातल्या बँकवाल्या वहिनी, जवाहर नगरच्या विमावाल्या काकू डबे घेऊन यायला लागल्या. शिकलेल्या बायका माझ्या ओट्याशी उभ्या राहून “किती भाजायचं हो?” विचारायच्या. मला जयपुरात किंमत होती ती तेवढीच.

एका दुपारी मी मिरच्या भाजत होते आणि भाभीजी मुंगोड्या, म्हणजे मूगडाळीचे सांडगे, द्यायला आल्या. दार उघडलं तसा धुराचा लोट त्यांच्या तोंडावर. ठसका संपल्यावर त्यांनी घर पाहिलं. एवढ्या उन्हाळ्यात सगळ्या खिडक्या बंद, फटीत फडकी कोंबलेली.

“ये क्या है? घर आहे की भट्टी?”

मला बोलता येईना, दम उठला होता. कसंबसं म्हटलं, “तुमच्याकडे... वास जाऊ नये... कांदा-लसणाचा.”

त्यांनी फटीतलं एक फडकं उपसून काढलं. “मतलब, माझ्यासाठी?”

मी मान हलवली. त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की गार्डसाहेब बनियनवरच बाहेर आले. “अगं बावळी, व्रत माझ्या जिभेचं आहे. नाकाने कधी कसला उपास धरला?” बोलता बोलता एकेक खिडकी धाडकन उघडत गेल्या, कढई उचलून अंगणात ठेवली आणि मला त्यांच्या खाटेवर बसवलं.

दुसऱ्या खेपेपासून मसाला त्यांच्या अंगणात, उघड्यावर. मिरच्या आणि धणे भाभीजी भाजायच्या. कांदा-लसणाला मात्र हात लावायच्या नाहीत, ते बँकवाल्या वहिनींकडे. मी लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, नाकाला पदर बांधून. तिथून नुसता हुकूम.

सासरे आले ते नेमके अशाच दिवशी. ट्रंक हातात, यांच्यासोबत फाटकाशी उभे. मी ओरडत होते, “वहिनी, खोबरं करपलं! हलवा! भाभीजी, तुम्ही मिरचीला नुसत्या बघत काय बसल्या?”

“हिलाच दम आहे ना?” सासऱ्यांनी यांना विचारलं.

“होता, मामा.” भाभीजींनीच परस्पर उत्तर दिलं. मी सासऱ्यांना मामा म्हणते, म्हणून त्यांचेही ते मामाच.

मामा आठवडाभर राहिले. दम उठायची वाटच बघत होते म्हणा ना. एकदा आंधी आली. मी खिडक्या लावल्या, ओलं फडकं तोंडावर धरलं, गोळी घेतली. थोडा खोकला आला आणि गेला. जाताना मामांनी ट्रंकेत मसाल्याचा डबा नेला आणि सून इथेच ठेवली. “हवा तशी बरी आहे इकडची,” एवढंच म्हणाले.

भाभीजी आता जयपूरजवळ चौमूंला मुलाकडे असतात. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघ्यांच्या ऑपरेशनचं नाव काढलं की फौजदार लहान मुलासारखा रुसून बसतो. मी गोड बोलून त्यांची समजूत घालते आहे. एक दिवस त्या हो म्हणतील. त्या दिवशी मी चौमूंला जाईन आणि त्या पुन्हा चालायला लागेपर्यंत परत येणार नाही. यांना तसं सांगून ठेवलं आहे.