पडदा भरला पाहिजे

कमलाकर टिपणीसांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या दुकानातून घेतली नाही. फ्रिज नाही, लग्नातला कोट नाही, नवीन पनवेलचा फ्लॅट नाही. आणि रमाबाईंचं ऐकाल तर बायकोसुद्धा नाही. उभी हयात बँकेच्या तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांनी केलेल्या कामात चुका काढायच्या, हाच पोटापाण्याचा धंदा. पुढे रिटायर झाले, पण खोड कसली रिटायर होतेय! गव्हाणची भामा भाजी घेऊन दारावर यायची, ती यांना बघताच म्हणायची, "काका, तुमी आत जावा, काकूंना पाठवा. तुमी दुधी नाय घेत, दुधीची चौकशी करता."

तर असा हा गृहस्थ नवा टीव्ही घ्यायला निघाला. आता बोला!

निमित्तं दोन झाली. एक म्हणजे घरातला जुना डबा टीव्ही म्हातारा झाला आणि त्यातली माणसं हिरवी दिसायला लागली. दुसरं म्हणजे रमाबाईंचं महिला मंडळ. सुनंदाबाई नावाच्या एका उत्साही बाईंनी चालवलेल्या या मंडळाचे मंगळागौरीचे खेळ दूरदर्शनवाल्यांना आवडले आणि सगळ्याजणी नऊवारी नेसून मुंबईला जाऊन रेकॉर्डिंग करून आल्या. श्रावणात, दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात ते सह्याद्रीवर लागणार होतं. खेळ संपल्यावर प्रत्येकीनं एक उखाणा घ्यायचा होता. रमाबाईंनी तो स्वतः रचला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव असं चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर, मोठ्यांदा घ्यायची ही पहिलीच वेळ. घरी आल्यावर त्या दोन दिवस नुसत्या हसत होत्या.

"कसला उखाणा घेतलास?" टिपणीसांनी विचारलं.

"अहो, कळेल की त्या दिवशी. मला एकदा बघायचंय मी कशी दिसते ते. एवढी उंच म्हणून मला मागच्या रांगेत बाकावर उभी केलीय. दिसले तर दिसले." आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही माझ्या शेजारी बसून ऐकायचंत. बाकी काही नको."

मागणी एवढीच होती. एवढीशी मागणी पुरी करायला टिपणीसांनी जे रामायण घडवलं ते ऐका.

पनवेलमध्ये टीव्हीची दुकानं काही कमी नाहीत. टिपणीस सगळी फिरले. खिशात मेजरिंग टेप, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. दुकानात ओळीनं लावलेल्या सपाट टीव्हींवर एकच रंगीत मासा एकदम पोहत असायचा. लोक तो मासा बघून हरखून जायचे आणि टीव्ही घ्यायचे. टिपणीस दुकानदाराला म्हणायचे, "मासा काढा. सह्याद्रीच्या बातम्या लावा. खरी परीक्षा तिथे आहे." दुकानातली माणसं एकमेकांना डोळे मिचकावायची. मग हे एका टीव्हीत निवेदिकेचं नाक लाल दिसतं म्हणून नाक मुरडायचे, दुसऱ्यात केस निळे दिसतात म्हणून. एलसीडी की एलईडी या विषयावर तर त्यांनी सोसायटीतल्या लोकांचं एवढं डोकं खाल्लं, की माणसं त्यांना लिफ्टमध्ये बघून जिन्यानं जाऊ लागली.

"अहो, कुठलाही घ्या," रमाबाई म्हणायच्या. "श्रावण तोंडावर आला."

"कुठलाही? वस्तू काय रोज घेतो आपण?"

आणि केबल? छे! त्या वर्षी केबलला सेट टॉप बॉक्सची सक्ती झाली होती. टिपणीसांच्या अंगाची लाही लाही झाली. "जे हवेतून फुकट येतंय, त्याचे पैसे कसले द्यायचे?" दूरदर्शनची फुकट डिश असते, गच्चीवर एकदा छत्री लावली की महिन्याचं देणं नाही, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. तेव्हापासून ते अशा थाटात वावरत होते, की जणू उपग्रह यांनीच वर सोडलाय.

अखेर टीव्ही आला. बत्तीस इंची, चपटा, काळाभोर. भिंतीवर चढला आणि हॉल एकदम कुणा दुसऱ्याचा वाटायला लागला. डिश लावायला माणूस बोलवायचा, तर नाही. "त्यात काय आहे? दिशा साधायची, बस." टिपणीस होकायंत्र घेऊन गच्चीवर गेले. रमाबाई हॉलमध्ये टीव्हीसमोर, टिपणीस वर छत्रीपाशी, आणि मधल्या जिन्यात समोरच्या फ्लॅटमधली फरिदा. फरिदाचा नवरा अब्दुल्ला कुवेतला, ही सासू आणि मुलगी घेऊन इथे. मनानं मोकळी, रमाबाईंची घट्ट मैत्रीण. तिला दोघांमधलं टपालखातं केलं.

"आलं का?" वरून आरोळी.

"काका विचारतायत आलं का!"

"आलं होतं, गेलं!"

"काका, आलं होतं, गेलं!"

"कधी गेलं?"

"काकू, कधी गेलं विचारतायत!"

"तुम्ही विचारलंत तेव्हाच गेलं म्हणावं!"

अख्ख्या बिल्डिंगची करमणूक झाली. छत्री सरकवली की चित्र यायचं, आनंदानं हात सोडला की जायचं. शेवटी कधीतरी एकदाचं ते टिकलं. टिपणीस घामाघूम होऊन खाली आले, सोफ्यावर बसले, सह्याद्री लावलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या होत्या! जुन्या पद्धतीचं चौकोनी चित्र नव्या लांबट पडद्याच्या मधोमध बसलेलं आणि डावी-उजवी जागा रिकामी.

"हे काय? एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळं फडकं बघायला?"

"चित्र छान स्वच्छ दिसतंय की," रमाबाई म्हणाल्या.

"पडदा भरला पाहिजे," टिपणीस म्हणाले. तपासणी खात्यातला माणूस तो, रिकामी जागा बघून त्याला झोप यायची नाही. त्या पट्ट्या त्यांच्या डोळ्यांत सलायला लागल्या. आधी त्यांनी चित्र ताणून बघितलं. निवेदिकेला गालगुंड झाल्यासारखे गाल आले. "अहो, सगळे सुजलेत," रमाबाई म्हणाल्या. मग त्यांना दुसरं बटण सापडलं. चित्र मोठं झालं, पडदा काठोकाठ भरला, गालही जागेवर राहिले. टिपणीसांना स्वर्ग दोन बोटं उरला. वरचा आणि खालचा भाग कापला जातोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. "वर काय, नुसतं आभाळ असतं," असं म्हणून त्यांनी ते निकालात काढलं.

तो दिवस उजाडला. टिपणीसांनी स्वतः दारोदार जाऊन आमंत्रणं केली होती. "सगळ्याजणी आमच्याकडेच या. घरच्या त्या खोक्यांवर काय बघता!" मंडळाच्या बायका आल्या, हॉल भरला, रमाबाईंनी तोच नऊवारी शालू नेसून सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी दिली. फरिदा मात्र घरीच बसली. तिच्या सासूला उठवत नव्हतं आणि तिलाही काकूंना टीव्हीवर बघायचं होतं. दोन्ही फ्लॅटची दारं समोरासमोर उघडी ठेवलेली. टिपणीसांनी दोन्ही रिमोट, एक टीव्हीचा आणि एक डिशच्या डब्याचा, मांडीवर घेतले आणि रमाबाईंना शेजारी बसवलं.

कार्यक्रम सुरू झाला. "आलं गं बाई!" एकच गलका झाला. पुढच्या रांगेत बसलेल्या सुनंदाबाई काय ठसठशीत दिसत होत्या! नथीतला मोतीसुद्धा मोजून घ्यावा. आणि मागच्या रांगेत, बाकावर, शालू होते, बांगड्या होत्या, मंगळसूत्रं होती. वर डोकी नव्हती. हनुवटीच्या वर पडदाच संपला होता.

रमाबाई पुढे सरकून बघत राहिल्या. "अहो, माझं तोंड कुठाय?"

बायकांना आधी हसू आलं, मग त्या कळवळल्या. "टिपणीस, ते आधीसारखं करा हो! पट्ट्या राहू देत!"

"करतो, करतो! एक सेकंद!" टिपणीसांची धांदल उडाली. त्यांनी रिमोट उचलला, मेनू काढला, पहिलं दिसलं त्याला हो म्हटलं. रिमोट डब्याचा होता. पडदा निळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली की चॅनेल शोधणं चालू आहे, कृपया थांबा. खाली एक पांढरी रेघ मुंगीच्या पावलानं पुढे निघाली. मघाशी काठोकाठ भरलेला पडदा आताही काठोकाठ भरला होता, निळ्या रंगानं.

समोरच्या फ्लॅटमधून पिंगा ऐकू येऊ लागला. सुनंदाबाई उठल्या. "अगं, चला फरिदाकडे! उखाणे सुरू होतील!" आणि सगळ्या पदर खोचून पळाल्या. रमाबाईही उठल्या होत्या. टिपणीसांनी त्यांचा हात धरला.

"तू थांब गं. आलंच बघ. आपण दोघांनी इथे बघायचं ठरलंय ना? हे काय, अर्ध्यावर आलंय."

रमाबाईंनी त्या रेघेकडे बघितलं, दाराकडे बघितलं. आणि बसल्या. नवऱ्याचा रडवेला चेहरा बघून बसल्या हो, नाहीतर कोण बसेल? पलीकडे एकेकीचा उखाणा होत होता, टाळ्या पडत होत्या. रेघ रेंगाळत होती. टिपणीस दोन्ही रिमोटची बटणं दाबत होते, "अरे, अरे, चल ना बाबा," म्हणत होते. तेवढ्यात पलीकडून एक ओळखीचा आवाज आला. शब्द सगळे गलक्यात बुडाले. फक्त शेवटचं ऐकू आलं, "...कमलाकररावांचं नाव घेते!" आणि बायकांनी एवढा जल्लोष केला की फरिदाच्या म्हाताऱ्या सासूचंही "माशाअल्ला" त्यात ऐकू आलं.

रेघ पुरी झाली. चित्र आलं, दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेलं, स्वच्छ, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण. त्यात एक गृहस्थ कोंबड्यांना लस कशी टोचावी ते सांगत होते.

"बघ," टिपणीस म्हणाले, "आता बघ, किती..." आणि त्यांनी दोन्ही रिमोट खाली ठेवले. मग अगदी हळू म्हणाले, "रमा, काय होता गं उखाणा? मला म्हणून दाखव ना."

रमाबाई उठल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता काय म्हणू? तिथे जीव मुठीत धरून म्हटला होता. इथे कोंबड्यांसमोर म्हणू?" आणि समोरच्या दारात शिरत त्यांनी विचारलं, "फरिदा, मला सांग गं, मी कशी दिसत होते?"

टिपणीस त्यांच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत गेले. आत जायला तोंड नव्हतं. आत फरिदा सांगत होती, "काकू, काय सुरत दिसत होती तुमची! आधी लाजलात, खाली बघितलंत, मग अशी मान वर केलीत..." टिपणीस चपलांच्या ढिगापाशी उभे राहिले आणि आपली बायको कशी दिसली ते कान देऊन ऐकत राहिले.