उसाच्या ट्रॉलीवरचं स्वप्न

मी आजवर एकाच सिनेमात काम केलं आणि त्यात झोपलो.

सिनेमा माझ्या लेकीचा, सुजाताचा. ती पुण्यात सिनेमा शिकते आणि तिला अतिवास्तववादी सिनेमाचं वेड आहे. ("म्हणजे काय गं?" "पप्पा, स्वप्नात जसं काहीही घडतं तसं." ते मला रोज दुपारी फुकट दिसतं, हे मी मनातच ठेवलं.) एकदा जेवताना ती तापली. "असल्या सिनेमात स्वप्नं पडतात ती कोट घातलेल्या गोऱ्या माणसांना! बुद्धविहारामागच्या आपल्या वस्तीतलं माणूस पडद्यावर आलं की मार खातं, नाहीतर रडतं. आपल्याला एखादं येडं स्वप्न पडू नये?" हेच ती वर्गात बोलली तेव्हा सगळे हसले होते. आता तिची सगळी अब्रू या सिनेमावर टांगलेली.

मला ते काळजाला लागलं. "मी बघतो तुझं स्वप्न!" मी गर्जलो.

शेवटचा शॉट आमच्या खुटबाव गावात, शेजारच्या रशीदभाईंच्या ट्रॅक्टरवर. त्यांना उडत्या पोस्टमनचं काम होतं. पाठीला उसाच्या पाचटाचे दोन पंख.

"खाजत असंल की वो," माझी बायको मंगल म्हणाली.

"खाजू द्या, ताई! सिनेमात आमच्या हातात कायम सुराच दिला. पंख पयल्यांदाच मिळाल्यात, मी न्हाई काढायचो!"

उसानं भरलेल्या ट्रॉलीवर बाज, बाजेवर मच्छरदाणी, आत लग्नातला कोट घालून मी. ट्रॅक्टर बाभळीपर्यंत जाऊन थांबणार. "पप्पा, कट म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत." मी शिक्रापूरच्या कंपनीतून नाइट शिफ्ट उरकून थेट आलेलो. डोळे मिटायला सांगणारा दिग्दर्शक म्हणजे साक्षात देवमाणूस! पहिल्याच हिसक्याला मी गाढ झोपलो.

पुढचं मंगलनं सांगितलेलं. बाभळीजवळ रशीदभाईंना साखर कारखान्यावरून फोन आला, "तुमचा नंबर लागलाय, लगेच या!" हंगामात हा नंबर हुकला की ऊस ट्रॉलीत वाळत बसतो. रशीदभाई सिनेमा विसरले, मला विसरले आणि पंखांसकट सुसाट निघाले.

"रशीदमामा, कट! कट!" सुजाता किंचाळली. ट्रॅक्टरच्या आवाजापुढं काय ऐकू येतंय! मंगलनं स्कूटी काढली. "बस मागं! तुजा बाप उसासंगं चरकात जाईल!" सुजाता रडत मागं बसली, पण कॅमेरा काही तिनं बंद केला नाही. उसाची ट्रॉली ओलांडून पुढं जायला रस्त्यावर जागाच मिळेना. रस्त्यात एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मला हात जोडले. एक वऱ्हाड तर अदबीनं गाडी बाजूला घेऊन थांबलं!

मला जाग आली ती कारखान्याच्या वजनकाट्यावर. काटेवाला विचारत होता, "आवो, ह्यो कोण?"

रशीदभाई मागं वळले. "आयला, हिरो!"

"हिरोचं वजन उसात धरायचं का?"

मी मच्छरदाणीतून डोकं काढलं. मागंपुढं ट्रॉल्याच ट्रॉल्या, चिमणीचा धूर आणि समोर पंखवाले रशीदभाई! तेव्हा माझा चेहरा जसा झाला, तसा तो मला पुन्हा कधी जमणार नाही.

"हलू नका, पप्पा!" स्कूटीवरून आवाज आला. "तसंच! तसंच बघा!"

"जिता हाय व्हय!" म्हणत मंगलनं तिथंच भोकाड पसरलं.

पुण्याच्या महोत्सवात सिनेमाला पहिलं बक्षीस मिळालं. हसलेला अख्खा वर्ग उभा राहून टाळ्या वाजवत होता. रशीदभाई पंख लावूनच आले होते, त्यामुळं मागच्यांना निम्मा पडदा दिसला नाही. सुजातानं स्टेजवरून आमच्याकडं बोट केलं, "हे माझे वडील आणि ते माझे मामा." माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

मग एका दाढीवाल्या जाणकारानं मला विचारलं, "पिढ्यान्‌पिढ्या ज्याला स्वप्नं नाकारली गेली, तो माणूस त्या झोपेत काय पाहत होता?"

मी गंभीरपणे छताकडं बघितलं. पुन्हा कडकडून टाळ्या!

काय सांगणार? आमच्या वस्तीला पडद्यावर मिळालेल्या पहिल्यावहिल्या स्वप्नात मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताट धरून रांगेत उभा होतो, आणि माझा नंबर यायच्या आत त्या काटेवाल्यानं मला उठवलं!