साबणाच्या डबीतलं मीटर

हिंगोलीत एसटी डेपोमागच्या गल्लीत आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आमचं म्हणजे उस्तादांचं. मी कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरून रोज बसनं यायचे. आयटीआयचा कोर्स झाला होता, पण तिथं टीव्ही उघडायला शिकवलं होतं, परत बंद करायला नाही. ते उस्तादांनी शिकवलं.

उस्ताद साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. त्यांच्याकडं काट्याचं मल्टिमीटर होतं. बिघडलेल्या वस्तूच्या आतली तार शाबूत आहे की तुटली, हे काटा हलतो की नाही यावरून कळायचं. केबल टीव्ही गावात नवीन आला त्या वर्षी ते मला सारखं म्हणायला लागले, "काटा कुठं हाय बघ बरं. माझे हात गुंतलेत." कधीकधी ते खरंच गुंतलेले असायचे.

एका दुपारी त्यांनी एका मास्तरांचा रेडिओ तपासला आणि ट्रान्सफॉर्मर जळाल्याचं सांगून टाकलं. मीटर त्यांच्यापुढं उलटं ठेवलेलं होतं. मास्तर गेल्यावर मी ते सुलटं करून पुन्हा मोजलं.

"उस्ताद, हा तर बराबर हाय."

त्यांनी पेचकस पुसून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "काटा दिसत न्हाई. पावसाळ्यापासून."

नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकवू, म्हणाले. उरलेलीही फार टिकली नाही. उस्तादांनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली आणि घरी बसले. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, दिवसभर कपाटाचं कुलूप उघडतात आणि परत लावतात.

मला फार दया आली असं म्हणता येणार नाही. मला एकटीला टीव्ही सुधरत नव्हते.

कोर्सच्या वहीत आवाज काढणारं एक सर्किट होतं. दोन टोकांमध्ये विजेला होणारा विरोध कमी असला तर आवाज बारीक, जास्त असला तर जाड, आणि तार तुटलेली असली तर काहीच नाही. ते मी बनवलं. स्पीकर जुन्या ट्रान्झिस्टरचा, टोकं सायकलच्या स्पोकची. हातात मावेल असा डबा शोधताना साबणाची डबी सापडली. तिच्या तळाला पाणी गळायची भोकं होती, त्यामुळं आवाजासाठी वेगळी पाडावी लागली नाहीत.

उस्तादांनी ती चाचपली. "साबण कुठं गेला?"

"संपला."

त्यांनी टोकं एकमेकांना लावली. "हे तर शेळीवानी ओरडून राहिलं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. "आवाज आला, पण किती हाय ते कसं कळंल? मोंढ्यात हळद तोलताना दुसऱ्या पारड्यात वजन ठेवतात का न्हाई?"

मग त्यांच्या सांगण्यावरून मी एका लाकडी पट्टीवर माहीत असलेल्या विरोधाचे दहा रेझिस्टर ओळीनं लावले. पहिल्यापाशी ब्लेडनं एक खाच, दुसऱ्यापाशी दोन. डबीला बटण बसवलं, आणि पट्टीवर सरकवायला तिसरं टोक. बटण दाबलं की पट्टीचा आवाज, सोडलं की समोरच्या वस्तूचा. दोन्ही आवाज सारखे आले की खाचा मोजायच्या. ही कल्पना पूर्ण त्यांची. महिनाभर ते घरी सराव करत होते. त्या महिन्यात शेजाऱ्यांनी त्यांच्याकडं येणं कमी केलं.

उस्ताद दुकानात परत आले. करंट चालू असलेली वस्तू मी बघायची, बंद असलेली त्यांनी, असं ठरलं. नरसीहून एक शेतकरी रेडिओ घेऊन आला. उस्तादांकडं बघून त्यानं मला हळूच विचारलं, "यांना दिसत न्हाई का?"

"न्हाई," उत्तर उस्तादांनीच दिलं. "रेडिओला बी दिसत न्हाई."

तो माणूस दारातच उभा राहिला. वीस मिनिटांनी उस्तादांना आतली तुटलेली तार सापडली. मी ती जोडली. बातम्या लागल्या. तो पूर्ण बातम्या ऐकून गेला.

पुढं आकड्यांची मीटरं आली तेव्हा एका विक्रेत्यानं नवं पिवळं मीटर उस्तादांच्या हातात ठेवलं.

"हलकं हाय," उस्ताद म्हणाले. "बोलतं काय?"

"नाही, आकडे दिसतात."

"मग वाचून दाखवायला तुमी इथंच राहणार?"

विक्रेता हसला. मग त्यानं साबणाची डबी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाला की हिला कंपनीत कुणी हात लावणार नाही. उस्ताद म्हणाले, "चांगलं हाय. हरवायची न्हाई."

काही वर्षांनी त्यांना बारीक आवाज ऐकू येईना. मी सर्किटमधला एक भाग बदलून सगळेच आवाज जाड केले. आणखी दोन वर्षं निघाली. नंतर बोटं थरथरायला लागली. टोक पट्टीवर ठेवलं की घसरून दुसऱ्याच खाचेपाशी जायचं. एका संध्याकाळी त्यांनी डबी आणि पट्टी फडक्यात बांधून माझ्यापुढं सरकवली.

"आता बस झालं," ते म्हणाले.

मी शटर ओढून घेतलं, त्यांचा हात धरून त्यांना घरापर्यंत सोडलं. त्यांच्या बायकोनं भाकरी वाढली. मी तांड्याकडची बस जाऊ दिली आणि जेवायला बसले.